वेगळेपणाची पुस्तके नेमकी कोणी वाचायची?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. तीन वर्षांचा असल्यापासून तो बोलताना अडखळतो. यंदा वर्गातली दोन-तीन मुले त्याची नक्कल करू लागली आहेत आणि उत्तर येत असले तरी तो हात वर करेनासा झाला आहे. ‘वेगळे असणे चांगले असते’, ‘स्वतःला आहे तसे स्वीकारावे’ अशा आशयाची पाच चित्रपुस्तके मी मागवली. दोन वाचून झाली. तिसरे हातात घेतले तेव्हा त्याने ‘हे पण तसलंच आहे का?’ असे विचारले आणि तो उठून गेला. सासूबाई म्हणतात, मुलाच्या उणिवेवर सारखे बोट ठेवू नये, मोठा झाला की आपोआप सुटेल. तो अडखळला की त्या त्याला ‘हळू बोल, नीट बोल’ असे सांगतात. मी कोणती पुस्तके निवडावीत आणि ती कशी वाचावीत? २२ ऑक्टोबर हा अडखळत बोलण्याविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे असे कळले. त्या दिवशी शाळेत जाऊन वर्गाला त्याच्याविषयी सांगावे आणि ही पुस्तके भेट द्यावीत, असा विचार आहे. तो योग्य आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘हे पण तसलंच आहे का?’ हा तुमच्या मुलाचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. तो चांगल्या वाचकाचा प्रश्न आहे. दोनच पुस्तकांत त्याने ओळखले की, ही पुस्तके गोष्ट सांगायला आलेली नसून आपल्याला काहीतरी पटवून द्यायला आलेली आहेत आणि त्याचे कारण आपले बोलणे हे आहे. इतर पुस्तकांत वाघ असतात, आगगाड्या असतात, कोणीतरी हरवते आणि सापडते. ही पुस्तके मात्र उघडली की त्याच्याकडेच पाहू लागतात. माझे मत आधीच सांगून टाकते. वेगळेपण स्वीकारण्याविषयीची बहुतेक पुस्तके त्याच्यापेक्षा त्याची नक्कल करणाऱ्यांनी वाचायची आहेत. त्याला हवी आहे ती चांगली गोष्ट, जिच्यात त्याच्यासारखे एखादे मूल असले तर अवश्य असावे, पण त्या मुलाची अडचण म्हणजेच सगळी गोष्ट नसावी.

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एका निबंधात पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले. कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत स्वतःचे रूप दिसतच नाही, ही त्यांची मूळ तक्रार होती आणि ती पुढे सर्वत्र उद्धृत झाली. त्याच निबंधातला दुसरा मुद्दा मात्र फारसा कोणी सांगत नाही : ज्या मुलांना प्रत्येक पुस्तकात स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, त्यांचेही नुकसान होते, कारण जग आपल्याचसारखे आहे असे त्यांना वाटू लागते. तुमच्या मुलाच्या वर्गात सध्या नेमके हेच घडत आहे. अस्खलित बोलणाऱ्या मुलांनी अडखळणारे मूल पुस्तकात कधी पाहिलेले नाही, म्हणून ते वर्गात दिसले की त्यांना गंमत वाटते.

आता निवडीविषयी. असे पुस्तक हातात घेतले की मी सर्वांत आधी शेवट वाचते आणि स्वतःला एक प्रश्न विचारते : या गोष्टीत वेगळ्या प्राण्याला किंवा मुलाला शेवटी जवळ का केले जाते? उत्तर ‘ते सुंदर निघाले म्हणून’ किंवा ‘ते उपयोगी पडले म्हणून’ असे आले, तर ते पुस्तक तुमच्या मुलाच्या हाती सध्या न दिलेले बरे. हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांची कुरूप पिल्लाची कथा १८४३ सालची आहे आणि गदिमांच्या गीतामुळे ती मराठी घरांत इतकी रुजली आहे की, ती डेन्मार्कची आहे हे अनेकांना सांगूनही पटत नाही. त्या पिल्लाचे एकटेपण खरे आहे आणि कथा म्हणून ती थोरच आहे. पण ते पिल्लू शेवटी राजहंस निघते म्हणून सुटते. ते नुसतेच कुरूप बदक असते तर तळ्यातल्या बदकांनी काय केले असते, याचे उत्तर ती कथा देत नाही. अडखळणाऱ्या मुलाला तीतून एवढेच ऐकू येते की, एक दिवस हे जाईल आणि मग लोक आपल्याला चांगले म्हणतील. न गेले तर काय, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

स्विस चित्रकार मार्कुस फिस्टर यांचा इंद्रधनुषी मासा १९९२ साली आला आणि जगभर गेला. अंगावरचे चमकदार खवले एकेक करून इतर माशांना वाटून टाकल्यावर त्याला मित्र मिळतात. वाटून घेण्याची शिकवण म्हणून या पुस्तकाची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते नेहमीच अस्वस्थ करते, कारण खेळणे वाटून देणे वेगळे आणि स्वतःच्या अंगाचा तुकडा देऊन मैत्री मिळवणे वेगळे. चेन्नईच्या ‘तूलिका’ प्रकाशनाचे, झाई व्हिटेकर यांनी लिहिलेले ‘कन्ना पन्ना’ हे पुस्तक यापेक्षा कितीतरी चांगले आहे. गुहेतले दिवे जातात आणि दृष्टिहीन कन्ना सगळ्यांना बाहेर काढतो. मुलांना ते फार आवडते आणि घरात ते असायला काहीच हरकत नाही. फक्त ते एकटेच नसावे, कारण विचारी मुलाच्या मनात पुढचा प्रश्न येतोच : गुहेतले दिवे गेलेच नसते तर?

या कसोटीला पूर्ण उतरणारे पुस्तक म्हणजे मन्रो लीफ यांनी लिहिलेला आणि रॉबर्ट लॉसन यांनी चितारलेला फर्डिनांड. हे पुस्तक १९३६ सालचे, म्हणजे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले त्याच वर्षाचे आहे. पुढे फ्रँकोच्या राजवटीत त्यावर बंदी आली. फर्डिनांड हा स्पेनमधला एक बैल. इतर खोंड शिंगे लावून झुंजत असतात आणि हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेत असतो. त्याला चुकून झुंजीसाठी माद्रिदला नेतात, तिथेही तो मैदानाच्या मध्यावर बसून बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत राहतो आणि शेवटी लोक कंटाळून त्याला घरी परत आणून सोडतात. तो शूर ठरत नाही, कोणाला वाचवत नाही, त्याच्यामुळे कोणाचे काही भले होत नाही. तो ज्या झाडाखाली होता त्याच झाडाखाली पुन्हा बसतो आणि पुस्तक संपते. या पुस्तकात तुमच्यासाठीही एक पान आहे. फर्डिनांडच्या आईला काळजी वाटते की, मुलगा एकटा पडेल. ती त्याला एकदा विचारते, त्याचे उत्तर ऐकते, तो सुखात आहे असे दिसल्यावर त्याला तसाच बसू देते आणि पुन्हा तो विषय काढत नाही.

डेव्हिड मॅकी यांचा एल्मर हा रंगीबेरंगी चौकटींचा हत्ती १९६८ साली प्रथम पुस्तकरूपाने आला. मॅकी यांच्या पत्नी अँग्लो-इंडियन होत्या. आपल्या लहान मुलीला उद्देशून रस्त्यात कोणीतरी वर्णद्वेषी शब्द उच्चारला, तो प्रसंग एल्मरच्या मुळाशी असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. म्हणजे हे पुस्तक त्या मुलीला शहाणे करण्यासाठी नसून रस्त्यावरच्या त्या आवाजाला उत्तर देण्यासाठी आहे. गोष्टीत एल्मर करड्या फळांत लोळून इतरांसारखा होतो, पण कळप अगदी गप्प झालेला पाहून त्याला हसू आवरत नाही आणि पावसाने रंग धुतला जातो. त्यानंतर दर वर्षी एक दिवस बाकीचे हत्ती स्वतःला रंगवून घेतात. वर्गात वाचायला हे पुस्तक उत्तम आहे, कारण शेवटी कळपाला काहीतरी करावे लागते. फक्त एक सावधगिरी : एल्मर कळपाला हसवणारा आहे आणि तुमच्या मुलाला सध्या नको आहे ते नेमके हसूच. म्हणून वर्गात सुरुवात फर्डिनांडने करावी, एल्मर नंतर घ्यावा.

अडखळण्याविषयीचे थेट पुस्तक द्यायचेच असेल, तर माझ्या माहितीत ‘आय टॉक लाइक अ रिव्हर’ याच्या तोडीचे दुसरे नाही. जॉर्डन स्कॉट हे कॅनडाचे कवी स्वतः अडखळत बोलतात. त्यांच्या बालपणीच्या अनुभवावर सिडनी स्मिथ यांनी चित्रे काढली आणि २०२० साली हे पुस्तक आले. स्मिथ यांना २०२४ साली चित्रांसाठीचा हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारही मिळाला. या पुस्तकातला मुलगा सकाळी उठतो तेव्हाच काही शब्द त्याच्या घशात रुतलेले असतात. वर्गात प्रत्येकाने आपल्या आवडत्या जागेविषयी बोलायचे असते. त्याची पाळी येते, सगळे वळून पाहतात आणि त्याच्याने बोलवत नाही. शाळा सुटल्यावर बाप त्याला नदीवर नेतो. होईल सगळे ठीक, असे काही तो म्हणत नाही. तो पाण्याकडे बोट करून दाखवतो की, तू असा बोलतोस : खळाळत, घुसळत, भोवऱ्यात फिरत, आपटत. त्यानंतर एक पान दोन्ही बाजूंनी उघडते आणि डोळ्यांसमोर पसरते ती नुसती चमकणारी नदी, मध्ये उभा असलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी तो वर्गात त्या नदीविषयी बोलतो आणि तेव्हाही अडखळतोच. मला या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते की, शेवटच्या पानावर त्याची वाचा सुधारलेली नाही.

हे पुस्तक इंग्रजीत आहे; मजकूर थोडा आहे, तो तुम्ही आपल्या बोलीत सांगू शकता. आधी ते तुम्ही दोघा नवरा-बायकोने वाचा. मग घरातल्या इतर पुस्तकांत ठेवून द्या आणि त्याच्या हाती लागेल तेव्हा लागू द्या. सांगलीला कृष्णा आहे, तेव्हा एक मोह तुम्हाला नक्की होईल. पुस्तक मिटताक्षणी मुलाला आयर्विन पुलावर नेऊन ‘बघ, तूही असाच बोलतोस’ असे कृपया म्हणू नका. ते वाक्य त्या बापाला त्या दिवशी सुचले होते म्हणून त्याला किंमत आहे; उसने आणलेले वाक्य तुमचा मुलगा पाचव्या सेकंदाला ओळखेल.

याच्या बरोबरीने, किंबहुना याहून अधिक, त्याला अशी पुस्तके द्या ज्यांत वेगळेपणाचा उच्चारही नसतो. ‘तूलिका’चेच ‘कॅच दॅट कॅट’ हे थारिणी विश्वनाथ यांचे पुस्तक पाहा. डिप डिप नावाची खोडकर मुलगी मैत्रिणीचे हरवलेले मांजर शोधायला निघते. ती चाकांच्या खुर्चीत आहे हे चित्रांत दिसते. गोष्ट मात्र मांजराची आहे. मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘ज्योत्स्ना प्रकाशना’ने काढलेली पुस्तके मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा सुचवते. ‘राधाचं घर’मध्ये राधा आपल्या घरातली माणसे आपल्याला दाखवते आणि प्रत्येक माणूस आपापल्या तऱ्हेचा असतो, ती तऱ्हा चांगली की वाईट हे कोणी सांगत बसत नाही. पुढच्या वर्षी तो थोडे मोठे पुस्तक वाचू लागला की श्रुती राव यांचे ‘मान्या लर्न्स टु रोअर’ आणा. मान्या बोलताना अडखळते आणि तिला शाळेच्या नाटकात शेरखान व्हायचे आहे, एवढे सांगितले तरी तो ते मागून घेईल. घरबसल्या वाचायचे असेल तर ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी चित्रकथाही विनामूल्य मिळतात. तिथे दर्जा सारखा नाही, पण मुलाला स्वतः निवडू देण्यासाठी ती जागा चांगली आहे.

वाचायचे कसे, याबाबत माझे पहिले सांगणे म्हणजे तात्पर्य विचारू नका. मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत १८०६ साली तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात निघालेले इसपच्या कथांचे भाषांतर येते. तेव्हापासून गोष्ट संपली की बोध काढायचा ही सवय आपल्या हाडात आहे. ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हे वाक्य ऐकले की मुलाला कळते की गोष्ट म्हणजे निमित्त होते. त्याऐवजी पान उलटायचे काम त्याच्याकडे द्या आणि चित्रावर तो जितका वेळ थांबेल तितका वेळ तुम्हीही थांबा. तो काही बोलला तर ऐका. तो गप्प राहिला तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या कदाचित आधीच लक्षात आली असेल : गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना किंवा वर्गात एका सुरात पाढे म्हणताना तो बहुधा अडखळत नाही. गाताना आणि दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोलताना अडखळणे बहुतेकांच्या बाबतीत खूप कमी होते, हे वाचा-उपचाराच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ज्या चित्रपुस्तकात एखादी ओळ पुन्हा पुन्हा येते, ते निवडा आणि ती ओळ दोघांनी मिळून मोठ्याने म्हणा. हा उपचार नाही आणि त्याचा उपचार करूही नका. ते सोबतीने वाचणे आहे. विशेषतः ‘बघ, आता कसं छान बोललास!’ असे चुकूनही म्हणू नका. त्याचा उलट अर्थ असा होतो की, एरवीचे बोलणे छान नसते.

सासूबाईंचे अर्धे म्हणणे मला पूर्ण पटते. उणिवेवर सारखे बोट ठेवू नये हे त्यांनी बरोबर ओळखले आहे आणि एकामागून एक आलेल्या पाच पुस्तकांनी तेच केले. उरलेल्या अर्ध्याविषयी मात्र नम्रपणे सांगावे लागेल. अडखळणे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि बऱ्याच मुलांचे ते आपोआप थांबते हे खरे. पण जितकी वर्षे ते टिकते तितकी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. तुमच्या मुलाला चार वर्षे झाली आहेत, तेव्हा आता वाट पाहू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून जवळच्या वाचा-उपचारतज्ज्ञांचे नाव घ्या; मुंबईला जाणे शक्य असेल तर वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. यात तुमचा किंवा सासूबाईंचा दोष नाही. अडखळण्याचे मूळ मेंदूच्या घडणीत आणि बऱ्याचदा आनुवंशिकतेत असते, वळण लावण्यात नव्हे. ‘हळू बोल, नीट बोल’ हे त्या मायेनेच म्हणतात, पण त्याने मुलाचे लक्ष सांगायच्या गोष्टीवरून उडून जिभेकडे जाते. त्यांना नुसते ‘असे म्हणू नका’ सांगण्यापेक्षा दुसरे काम द्या : रात्रीचे पुस्तक आजीने वाचायचे आणि नातवाने निवडायचे. फर्डिनांडच्या आईचे पान त्यांच्या आवाजात फार चांगले वाटेल, असे मला उगाचच वाटते.

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या घरचे झाले आहे आणि पोलिओ झालेल्या यासुआकीचानला झाडावर चढवण्याचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला तुमच्या घरासाठी त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. एका शाळेतून काढून टाकलेल्या त्या मुलीचे बोलणे नव्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी चार तास ऐकतात. मध्ये बोलत नाहीत, जांभई देत नाहीत, तिचे वाक्य स्वतः पुरे करत नाहीत. तुमच्या मुलाचा शब्द अडला की तो तुमच्या तोंडी आधीच तयार असतो, हे मी पत्र न वाचताही सांगू शकले असते. तो शब्द ओठांवरच ठेवा आणि त्याच्याकडे पाहत राहा.

शेवटी शाळा. २२ ऑक्टोबरला वर्गासमोर त्याच्याविषयी बोलण्याचा बेत मी सोडून द्यायला सांगेन. हा दिवस १९९८ पासून पाळला जातो आणि मोठी माणसे स्वतःविषयी स्वतः बोलतात तिथे त्याचा उपयोगही होतो; पण सात वर्षांच्या मुलाला न विचारता त्याची आई वर्गात उभी राहून त्याची ओळख ‘अडखळणारा’ अशी करून देणार असेल, तर नक्कल करणाऱ्या मुलांना आजवर जे कारण मिळत होते त्याला नाव मिळेल, एवढेच. पुस्तके शाळेला जरूर द्या, पण वाचनपेटीत, इतर पुस्तकांत मिसळून आणि वर्षातल्या कोणत्याही दिवशी. नदीचे पुस्तक मात्र त्याने हो म्हटल्याशिवाय वर्गात जाऊ देऊ नका. ते त्याचे आहे.

नकलेचा प्रश्न एकट्या पुस्तकाने सुटत नाही. वर्गशिक्षिकांना भेटा किंवा चिठ्ठी लिहा आणि तीन गोष्टी मागा. नक्कल करणाऱ्या मुलांशी त्यांनी वेगळे बोलावे, संपूर्ण वर्गाला त्याच्यादेखत उपदेश करू नये. प्रकट वाचनाच्या वेळी अधूनमधून सगळ्याच मुलांना जोडीने वाचायला द्यावे, म्हणजे त्याला एकट्याला सवलत दिल्यासारखे होणार नाही. तो उत्तर देत असताना घाई करू नये आणि त्याला न विचारता त्याची पाळी गाळूही नये. चिठ्ठी पाठवण्यापूर्वी ती त्याला वाचून दाखवा आणि त्याने एखादे वाक्य खोडायला सांगितले, तर कारण न विचारता ते खोडा.